शब्द एक, अर्थ अनेक : बौद्ध, जैन आणि वैदिक-हिंदू परंपरांची तुलना

प्रास्ताविक

महाविद्यालयीन वर्गात प्राचीन भारताचा इतिहास किंवा तत्त्वज्ञानाची ओळख हा भाग शिकविताना बौद्ध आणि जैन धर्म बहुधा एकाच प्रकरणात येतात. दोन्ही धर्म एकाच काळातले, दोघांचाही यज्ञातील हिंसेला विरोध, दोघांचाही अहिंसेवर भर, अशी टिपणे विद्यार्थी पाठ करतात. पुढे हिंदू परंपरेचा विषय निघाला की कर्म, पुनर्जन्म आणि मोक्ष हे तीन शब्द पुन्हा भेटतात. मग ‘शेवटी सगळे एकच सांगतात’ असा सोपा निष्कर्ष निघतो. काही वेळा याच्या अगदी उलट टोकाचे विधान ऐकू येते. बौद्ध धर्म म्हणजे परकीय वाटावा इतका वेगळा, त्याचा इथल्या परंपरेशी काही संबंधच नाही, असे सांगितले जाते.

अभ्यासाच्या कसोटीवर ही दोन्ही विधाने टिकत नाहीत. या परंपरा एकाच भूमीत, एकमेकींशी वाद घालत वाढल्या. म्हणून त्यांचा शब्दसंग्रह समान आहे. परंतु वाद होता म्हणूनच प्रत्येकीने त्या शब्दांत आपला अर्थ भरला. तुलना करावयाची तर शब्दांची यादी करून भागत नाही. प्रत्येक परंपरेला चार प्रश्न विचारावे लागतात : बंधनात कोण आहे? कशाने बांधला गेला आहे? बंधन कसे सुटते? आणि सुटल्यावर काय उरते? प्रस्तुत लेखात या चार प्रश्नांच्या आधारे बौद्ध विचार व आचार यांची जैन आणि वैदिक-हिंदू परंपरांशी तुलना केली आहे. पूर्व आशियातील धर्मांशी आलेल्या संबंधाचाही थोडक्यात परामर्श घेतला आहे.

शब्दांचा प्रवास : ‘बुत’चे उदाहरण

शब्द तोच राहून अर्थ कसा पालटतो, याचे एक उदाहरण उर्दूच्या अध्यापकांना घरचेच आहे. फारसी आणि उर्दू काव्यात पदोपदी येणारा ‘बुत’ हा शब्द मुळात ‘बुद्ध’ या नावावरून आला, असे भाषाशास्त्रज्ञ मानतात. मध्य आशियात व आजच्या अफगाणिस्तानात बुद्धमूर्ती सर्वत्र होत्या. त्यामुळे बुद्धाची मूर्ती, मग कोणतीही मूर्ती आणि पुढे गझलेतील निष्ठुर प्रिय व्यक्ती, असा त्या शब्दाचा प्रवास झाला. बुद्धाचे नाव राहिले, बुद्ध मात्र त्यातून निघून गेला.

बुद्धचरित्राच्या कथेचेही असेच झाले. ‘बोधिसत्त्व’ या शब्दाचे अरबीत ‘बुदासफ’ झाले. ‘बिलौहर व बुदासफ’ ही कथा अरबीतून पुढे जॉर्जियन, ग्रीक व लॅटिन भाषांत गेली आणि राजपुत्र बुदासफ ‘जोसाफट’ या नावाने ख्रिस्ती संत म्हणून मान्यता पावला.

मध्ययुगीन मुस्लिम लेखकांनी धर्मांच्या तुलनात्मक अभ्यासाचा पायाही घातला होता. अल्-बिरूनीने इ.स. १०३० च्या सुमारास ‘किताबुल हिंद’ लिहिताना जी शिस्त पाळली, ती आजही अनुकरणीय आहे. ज्यांचा धर्म, त्यांच्याच ग्रंथांतून व त्यांच्याच शब्दांत तो मांडावयाचा. खंडनमंडन हा हेतू ठेवावयाचा नाही. बौद्धांविषयी मात्र आपल्याला माहीतगार माणूस भेटला नाही, हे त्याने मोकळेपणाने नमूद केले आहे. चौदाव्या शतकाच्या आरंभी इराणमधील रशीदुद्दीन या इतिहासकाराने कमलश्री नावाच्या काश्मिरी भिक्षूच्या साहाय्याने आपल्या ‘जामिउत्तवारीख’मध्ये बुद्धचरित्राचा समावेश केला. जाणकाराला विचारून लिहिणे, हा या दोघांचाही धडा होय.

श्रमण परंपरेची पार्श्वभूमी

इ.स.पू. सहाव्या-पाचव्या शतकात गंगेच्या मधल्या व पूर्वेकडील खोऱ्यात नगरे वाढत होती, व्यापार पसरत होता आणि मगधासारखी राज्ये बळावत होती. याच प्रदेशात घरदार सोडून भिक्षेवर राहणाऱ्या, वेदांचे प्रामाण्य न मानणाऱ्या विचारवंतांचे अनेक गट होते. त्यांना एकत्रितपणे ‘श्रमण’ म्हणतात. पाली दीघनिकायातील सामञ्ञफलसुत्तात बुद्धाच्या समकालीन सहा आचार्यांची मते दिली आहेत. त्यांत निगंठ नातपुत्त म्हणजे वर्धमान महावीर आहेत, तसेच आजीविक पंथाचा मक्खली गोसाल आहे. सर्व काही नियतीने ठरलेले असून माणसाच्या प्रयत्नाने काही बदलत नाही, असे गोसालाचे मत होते. अशोकाने बिहारमधील बराबर टेकडीवरील लेणी आजीविकांना दान दिल्याचे तेथील लेख सांगतात.

म्हणजे त्या काळी वाद केवळ यज्ञवादी आणि यज्ञविरोधी असा दुहेरी नव्हता. श्रमणांचे आपसांतही तीव्र मतभेद होते. बौद्ध आणि जैन ग्रंथ एकमेकांवर जितकी टीका करतात, तितकी ते एखादे वेळी ब्राह्मणांवरही करीत नाहीत. ‘जुळे धर्म’ ही पाठ्यपुस्तकी कल्पना या ठिकाणीच ढासळते.

पहिला प्रश्न : बंधनात कोण?

उपनिषदांच्या मते माणसाच्या अंतर्यामी ‘आत्मा’ हे नित्य तत्त्व आहे. छांदोग्य उपनिषदात उद्दालक आरुणी आपला पुत्र श्वेतकेतू याला हेच तत्त्व साऱ्या विश्वाच्या मुळाशी आहे असे शिकवितो. पुढे शंकराचार्यांच्या अद्वैतात आत्मा व ब्रह्म एकच ठरले, तर रामानुज व मध्व यांनी जीव आणि ईश्वर यांचे नाते निराळ्या रीतीने मांडले. पण नित्य आत्मा सर्वांनाच मान्य आहे.

जैन दर्शनात ‘जीव’ नित्य आहे, परंतु तो एक नाही. जीव अनंत आहेत आणि प्रत्येकाचे अस्तित्व स्वतंत्र आहे. जीव ज्या देहात राहतो त्या देहाएवढा होतो. पृथ्वी, जल, अग्नी, वायू व वनस्पती यांतही एकेंद्रिय जीव आहेत, अशी मांडणी आहे. जैन आचारधर्मातील काटेकोरपणाचे मूळ येथे आहे.

बौद्ध मताने या दोन्ही उत्तरांना नकार दिला. माणूस म्हणजे रूप, वेदना, संज्ञा, संस्कार आणि विज्ञान या पाच स्कंधांचा समूह. हे पाचही क्षणोक्षणी बदलतात आणि त्यांच्यापलीकडे ‘मी’ असे म्हणता येईल असे अचल काही सापडत नाही. यालाच ‘अनात्म’ सिद्धांत म्हणतात. ‘मिलिंदप्रश्न’ या ग्रंथात ग्रीक राजा मिनँडर आणि भिक्षू नागसेन यांच्या संवादात रथाचा दृष्टांत आहे. चाक, आस, जू हे भाग वेगळे काढले तर रथ कोठे आहे? ‘रथ’ हे त्या जुळणीला दिलेले नाव आहे, तसेच ‘नागसेन’ हेही नावच आहे. मग पुनर्जन्म कोणाचा? एका दिव्याने दुसरा दिवा लावावा तशी कार्यकारणाची साखळी पुढे जाते, एखादी वस्तू उचलून इकडून तिकडे जात नाही, असे पारंपरिक बौद्ध उत्तर आहे.

विद्यार्थ्यांकडून होणारी सर्वांत मोठी गल्लत येथेच असते. ‘बुद्धाच्या मते आत्मा पुन्हा जन्म घेतो’ हे वाक्य उत्तरपत्रिकांत नेहमी आढळते. त्या वाक्यात बौद्ध मताचा नेमका नाकारलेला भागच बौद्ध मत म्हणून लिहिला जातो.

दुसरा प्रश्न : कर्म म्हणजे काय?

वैदिक भाषेत ‘कर्म’ म्हणजे प्रामुख्याने यज्ञकर्म. विधी बिनचूक झाला की फळ ठरलेले. बृहदारण्यक उपनिषदात याज्ञवल्क्य या शब्दाला नैतिक अर्थ देतो : माणूस जसे करतो तसा होतो.

जैन दर्शनात कर्म हे अक्षरशः द्रव्य आहे. मन, वाणी व देह यांच्या हालचालींमुळे सूक्ष्म कर्मपुद्गल जीवाकडे येतात, हा ‘आस्रव’. ते चिकटतात, हा ‘बंध’. नवे येणे थांबविणे म्हणजे ‘संवर’ आणि जुने झाडून टाकणे म्हणजे ‘निर्जरा’. निर्जरेचे साधन तप होय. कर्माचे ज्ञानावरणीय, दर्शनावरणीय, वेदनीय, मोहनीय, आयू, नाम, गोत्र व अंतराय असे आठ प्रकार मानले आहेत.

बौद्ध मतात कर्म म्हणजे चेतना, अर्थात हेतू. अंगुत्तरनिकायात ही व्याख्या स्पष्ट आहे. कृतीमागे लोभ, द्वेष किंवा मोह असेल तर ती अकुशल, नसेल तर कुशल.

हा फरक एका साध्या उदाहरणाने वर्गात स्पष्ट करता येतो. रस्त्याने जाताना नकळत पायाखाली मुंगी मेली. बौद्ध दृष्टीने हेतू नसल्यामुळे ते हत्येचे कर्म नव्हे. जैन दृष्टीने आधी विचारले जाईल की चालणाऱ्याने खाली पाहून, जपून पाऊल टाकले होते काय? तत्त्वार्थसूत्रात हिंसेची व्याख्या प्रमादाशी, म्हणजे बेफिकिरीशी, जोडलेली आहे. त्यामुळे जैन मत हेतूला महत्त्व देत नाही असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. अनवधान हाच तेथे दोष आहे.

या मुद्द्यावर दोन्ही परंपरांत प्रत्यक्ष वाद झाल्याचे ग्रंथ सांगतात. मज्झिमनिकायातील उपालिसुत्तात देहाचे कर्म अधिक गंभीर की मनाचे, यावर चर्चा असून बुद्ध मनाचे कर्म प्रमुख मानतात. दुसरीकडे सूत्रकृतांग या जैन आगमात बौद्धांच्या हेतुवादाची थट्टा आहे. कोणी धान्याची रास माणूस समजून भोसकली तर बौद्धांच्या मते तो दोषी, आणि माणसाला धान्याची रास समजून भोसकले तर निर्दोष, असा तो टोमणा आहे. एकाच विषयावरचे हे दोन उतारे शेजारी ठेवून वाचले तर विद्यार्थ्यांना तुलना म्हणजे काय हे व्याख्यानापेक्षा लवकर कळते.

तिसरा प्रश्न : बंधन सुटते कसे?

आचारधर्माच्या याद्या समोरासमोर ठेवल्या तर साम्य व फरक दोन्ही दिसतात. जैन परंपरेत पार्श्वनाथांचा चातुर्याम धर्म होता : अहिंसा, सत्य, अस्तेय व अपरिग्रह. महावीरांनी ब्रह्मचर्य स्वतंत्रपणे सांगून पाच महाव्रते केली. पतंजलीच्या योगसूत्रांतील पाच यमही हेच आहेत. बौद्ध पंचशीलात प्राणिहत्या, चोरी, व्यभिचार व असत्य यांपासून विरती आहे. पाचवे शील मात्र मादक पदार्थांपासून दूर राहण्याचे आहे. जैन आणि योग परंपरेत पाचव्या जागी अपरिग्रह, बौद्ध परंपरेत सावधानतेचे रक्षण. मन जागे राहणे हे बौद्ध मार्गात केंद्रस्थानी असल्यामुळे ही निवड स्वाभाविक आहे.

तपाविषयी मतभेद अधिक खोल आहे. बुद्धांनी स्वतः कठोर देहदंड केला आणि तो सोडून दिला. भोग व देहदंड ही दोन्ही टोके टाळणारा मध्यम मार्ग हे त्यांचे वैशिष्ट्य. महावीरांनी मात्र साडेबारा वर्षे उग्र तप केले व तेच आदर्श ठरले.

याचे प्रतिबिंब उपवासात दिसते. रमजानच्या रोजाशी तुलना करून हे विद्यार्थ्यांना सहज सांगता येते. रोजात पहाटेपासून सूर्यास्तापर्यंत अन्नपाणी वर्ज्य असते. बौद्ध उपोसथाच्या दिवशी अष्टशील घेणारा उपासक मध्याह्नापूर्वी जेवतो आणि त्यानंतर दुसऱ्या दिवसापर्यंत अन्न घेत नाही. पर्युषणातील जैन उपवासात अन्न पूर्ण वर्ज्य असून उकळलेले पाणी तेवढे, तेही दिवसाउजेडी, घेतले जाते. एकादशीच्या उपवासात धान्य वर्ज्य असते, फराळाचे पदार्थ चालतात. चारही ठिकाणी शब्द ‘उपवास’च वापरला जातो, पण कोठे आज्ञापालन व आत्मसंयम, कोठे मनाची जागृती, कोठे कर्माची निर्जरा, तर कोठे देवाची भक्ती असा हेतू वेगवेगळा आहे.

मांसाहाराबाबतही सरसकट विधान करता येत नाही. थेरवाद विनयाप्रमाणे आपल्यासाठी प्राणी मारल्याचे पाहिले, ऐकले किंवा तशी शंका आली नसेल तर भिक्षूला भिक्षेत आलेले मांस चालते. देवदत्ताने संपूर्ण शाकाहाराचा नियम मागितला तेव्हा बुद्धांनी तो सक्तीचा केला नाही. उलट चीनमध्ये सहाव्या शतकात लियांग वंशाच्या सम्राट वू याच्या पुढाकाराने भिक्षुसंघात शाकाहार रूढ झाला. म्हणजे श्रीलंकेतील भिक्षू व चिनी भिक्षू यांचे ताटही सारखे नाही. जैनांनी शाकाहाराच्या पुढे जाऊन कंदमुळेही वर्ज्य केली.

सल्लेखना अथवा संथारा, म्हणजे आयुष्याच्या अखेरीस विधिपूर्वक केलेला अन्नत्याग, हे जैन तपाचे टोक होय. राजस्थान उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१५ मध्ये ही प्रथा बेकायदा ठरविली व त्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने त्या निर्णयाला स्थगिती दिली. या संदर्भात गोव्यातील साखवाळ येथे १८७६ मध्ये जन्मलेले धर्मानंद कोसंबी यांचे स्मरण होते. नेपाळ, श्रीलंका, ब्रह्मदेश असा प्रवास करून त्यांनी पाली आत्मसात केली. महाराष्ट्रात राहून ग्रंथलेखन करता यावे यासाठी बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी त्यांना दरमहा ५० रुपयांचे साहाय्य दिले. ‘भगवान बुद्ध’ हा मराठीतील मोलाचा ग्रंथ त्यांचाच. ‘पार्श्वनाथाचा चातुर्याम धर्म’ हे त्यांचे पुस्तक त्यांच्या निधनानंतर प्रसिद्ध झाले. बौद्ध धर्माच्या या थोर अभ्यासकाने जून १९४७ मध्ये सेवाग्राम येथे अन्नत्याग करून देह ठेवला. ग्रंथांतील सीमारेषा माणसाच्या आयुष्यात किती सहज ओलांडल्या जातात, हे यावरून दिसते.

चौथा प्रश्न : सुटल्यावर काय उरते?

अद्वैत वेदांतात मोक्ष म्हणजे आत्मा व ब्रह्म यांच्या ऐक्याचे ज्ञान. भक्तिमार्गात तो ईश्वराचे सान्निध्य होय. जैन मतात कर्ममुक्त जीव विश्वाच्या माथ्यावरील सिद्धशिलेपाशी अनंत ज्ञान व अनंत सुखात राहतो. तो कोणात विलीन होत नाही, त्याचे स्वतंत्र अस्तित्व कायम राहते.

‘निर्वाण’ या शब्दाचा अर्थ विझणे असा आहे. काय विझते? राग, द्वेष आणि मोह हे तीन अग्नी. मुक्त पुरुष मृत्यूनंतर असतो की नसतो, या प्रश्नाला बुद्धांनी उत्तर देण्याचे टाळले. विषारी बाण लागलेल्या माणसाने बाण कोणी मारला, तो कोणत्या जातीचा, धनुष्य कशाचे, याची माहिती मिळाल्याशिवाय बाण काढू देणार नाही असे म्हटले तर तो मरून जाईल, हा मालुंक्यपुत्ताला दिलेला दृष्टांत याच संदर्भातला आहे.

उर्दू विभागात निर्वाणाची सांगड सूफींच्या ‘फना’शी घालण्याची सवय आहे. ‘मी’पणाचा लोप एवढ्यापुरते साम्य आहेच. परंतु सूफी विचारात फनानंतर ‘बका’ आहे, म्हणजे अल्लाहच्या ठायी टिकून राहणे आहे. बौद्ध निर्वाणात असा ईश्वर गृहीत नाही. तुलना करावी, पण हा फरक सांगून करावी.

ईश्वराच्या प्रश्नावरही ‘बौद्ध धर्म नास्तिक आहे’ एवढेच वाक्य अपुरे आहे. पाली ग्रंथांत देव आहेत, ब्रह्माही आहे. पण तेही मर्त्य असून जन्ममरणाच्या फेऱ्यात आहेत. सृष्टिकर्ता ईश्वर मात्र बौद्धांना व जैनांनाही मान्य नाही. पुढे महायानात अवलोकितेश्वरासारख्या करुणामय बोधिसत्त्वांची उपासना वाढली व भक्तीला मोठे स्थान मिळाले.

पूर्व आशियातील भेट

बौद्ध धर्म चीनमध्ये गेला तेव्हा त्याची गाठ कन्फ्यूशियस व ताओ परंपरांशी पडली. कन्फ्यूशियसच्या शिकवणीत मातापित्यांची सेवा व वंशसातत्य हे परम कर्तव्य होते. मुंडण करून घर सोडणारा मुलगा त्या समाजाला कृतघ्न वाटणे साहजिक होते. बौद्धांनी यावर उत्तर शोधले. भिक्षूच्या पुण्याने मृत मातापित्यांची सुटका होते, ही कल्पना पुढे आली आणि उल्लंबन हा पितरांचा उत्सव लोकप्रिय झाला. भाषांतर करताना आरंभी ताओ ग्रंथांतील शब्द उसने घेतले गेले. ‘ध्यान’ शब्दाचे चिनीत ‘चान’ व जपानीत ‘झेन’ झाले. अवलोकितेश्वर तेथे ‘क्वानयिन’ या स्त्रीरूपात पूजले जाऊ लागले.

जपानमध्ये शिंतो देवस्थाने व बौद्ध मंदिरे शतकानुशतके एकमेकांत मिसळलेली होती. १८६८ मध्ये मेजी शासनाने आज्ञा काढून त्यांना वेगळे केले. तरीही बालकाला देवदर्शनाला शिंतो देवस्थानात नेणे आणि अंत्यविधी बौद्ध पद्धतीने करणे, हे तेथील असंख्य कुटुंबांत आजही एकत्र नांदते. धर्म म्हणजे एका माणसाचा एकच शिक्का, ही समजूत सर्वत्र लागू पडत नाही.

कर्म आणि जन्म : प्रश्न कोठे बोचतो

ही तुलना केवळ विद्वत्तेचा विषय नाही. छांदोग्य उपनिषदात चांगल्या आचरणाने ब्राह्मणादी योनी व वाईट आचरणाने श्वान, सूकर वा चांडाळ योनी मिळते असे विधान आहे. जैनांच्या आठ कर्मांत गोत्रकर्म उच्चनीच कुळ ठरविते. पाली चूळकम्मविभंगसुत्तातही गरिबी व हीन कुळातील जन्म यांची कारणे मागील कर्मांत सांगितली आहेत. तिन्ही परंपरांत हा भाग आहे, तो कोणा एकीच्या माथी मारता येत नाही.

त्याचबरोबर तिन्हींत याविरुद्धचा स्वरही आहे. सुत्तनिपातातील वसलसुत्त माणूस जन्माने नव्हे, कृतीने नीच वा ब्राह्मण ठरतो असे सांगते. उपाली हा न्हावी बुद्धांच्या संघात विनयाचा प्रमुख जाणकार झाला. जैनांच्या उत्तराध्ययनसूत्रात चांडाळ कुळातील हरिकेशबल मुनी यज्ञ करणाऱ्या ब्राह्मणांना निरुत्तर करतो. हिंदू संतपरंपरेतही चोखामेळा व रविदास आहेत.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी नेमक्या याच जागी बोट ठेवले. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे त्यांनी लाखो अनुयायांसह बौद्ध धम्म स्वीकारला. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ हा त्यांचा ग्रंथ १९५७ मध्ये, त्यांच्या निधनानंतर, प्रसिद्ध झाला. आत्मा नाही असे म्हणावयाचे आणि मागील जन्माच्या कर्माने आजची गरिबी समजावून सांगावयाची, यातील विसंगती त्यांनी ग्रंथाच्या आरंभीच मांडली. त्यांच्या मते कर्मसिद्धांत म्हणजे याच जगातील नैतिक सुव्यवस्थेचा नियम होय. अन्याय सोसणाऱ्याला त्याच्याच पूर्वजन्मीच्या पापाचा धनी ठरविणे त्यांना मान्य नव्हते. २२ प्रतिज्ञांमध्ये बुद्ध हा विष्णूचा अवतार असल्याचेही त्यांनी नाकारले. मराठी संतांच्या अभंगांत विठ्ठलाला ‘बौद्ध अवतार’ म्हटल्याचे आढळते. त्या समन्वयाचा इतिहास अभ्यासण्याजोगा आहे. पण तो बौद्धांवर लादता येणार नाही, हेही तितकेच खरे.

२०११ च्या जनगणनेनुसार भारतातील सुमारे ८४ लाख बौद्धांपैकी ६५ लाखांहून अधिक महाराष्ट्रात होते. म्हणजे मराठी वर्गात बुद्धाविषयी बोलताना ऐकणाऱ्यांत बौद्ध विद्यार्थी असण्याचा संभव बराच असतो. ‘पूर्वजन्मीच्या कर्माने’ हे शब्द त्या विद्यार्थ्याला, तसेच अन्य वंचित समाजातील विद्यार्थ्याला, कसे ऐकू येतात याचे भान अध्यापकाला हवे.

कायदा आणि धर्म

आणखी एक गोंधळ दूर करणे आवश्यक आहे. संविधानाच्या अनुच्छेद २५ च्या स्पष्टीकरणात हिंदू धर्मसंस्थांविषयीच्या एका उपखंडापुरता शीख, जैन व बौद्ध यांचा समावेश ‘हिंदू’ या शब्दात केला आहे. हिंदू विवाह कायदा, १९५५ हाही त्यांना लागू होतो. यावरून हे धर्म हिंदू धर्माचे पंथ आहेत, असा निष्कर्ष काढला जातो. परंतु राष्ट्रीय अल्पसंख्याक आयोगाच्या कायद्याखाली १९९३ मध्ये बौद्धांना व जानेवारी २०१४ मध्ये जैनांना अल्पसंख्याक म्हणून अधिसूचित केले गेले. अनुसूचित जातींच्या सवलती १९९० पासून बौद्धांनाही लागू झाल्या. कायद्यातील वर्गवारी विशिष्ट कामापुरती असते. तिच्यावरून श्रद्धेचे स्वरूप ठरविता येत नाही.

अध्यापनासाठी काही सूचना

तुलनेचा पाठ लेण्यांत उत्तम होतो. वेरूळ येथे क्रमांक १ ते १२ ही लेणी बौद्ध, १३ ते २९ हिंदू आणि ३० ते ३४ जैन आहेत. एका दिवसाच्या सहलीत तिन्ही परंपरा पायी चालून पाहता येतात. ध्यानस्थ बुद्ध आणि ध्यानस्थ तीर्थंकर यांत विद्यार्थी हमखास फसतात. बुद्धाच्या अंगावर चीवर आणि डोक्यावर उष्णीष असतो. तीर्थंकराच्या छातीवर बहुधा श्रीवत्स चिन्ह असते, दिगंबर मूर्ती नग्न असते, आणि हात खाली सोडून ताठ उभी असलेली कायोत्सर्ग मुद्रा ही खास जैन ओळख आहे.

इंदूरच्या महाविद्यालयांना धार जिल्ह्यातील बाघची बौद्ध लेणी जवळ आहेत, तर ग्वाल्हेरला किल्ल्याच्या कड्यात कोरलेल्या पंधराव्या शतकातील भव्य जैन मूर्ती. वडोदऱ्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाने १९६० ते १९६३ या काळात देवनी मोरी येथील स्तूपाचे उत्खनन करून बुद्धाचा धातुकरंडक शोधला. अजिंठा पूर्वी हैदराबाद संस्थानात होता. तेथील पुरातत्त्व खात्याचे संचालक गुलाम यझदानी यांनी १९३० ते १९५५ या काळात अजिंठ्यावर चार खंडांचा ग्रंथ प्रसिद्ध केला. दुसऱ्याच्या धर्माचा वारसा आस्थेने व काटेकोरपणे जतन करता येतो, याचे ते उदाहरण विद्यार्थ्यांसमोर ठेवावे.

वर्गात वर दिलेले चार प्रश्न फळ्यावर आडवे व परंपरांची नावे उभी लिहून तक्ता विद्यार्थ्यांकडूनच भरून घ्यावा. एखादा शब्द दोन रकान्यांत आला तर तेथे थांबून ‘अर्थ तोच आहे काय?’ असे विचारावे. त्या त्या धर्माचा अनुयायी वर्गात असेल तर त्याला साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे न करता, त्याच्या इच्छेने बोलू द्यावे.

समारोप

बौद्ध, जैन आणि वैदिक-हिंदू परंपरांनी कर्म, बंधन, मुक्ती व अहिंसा हे शब्द वाटून घेतले, पण अर्थ आपापले राखले. एकाला आत्मा एक व नित्य दिसला, दुसऱ्याला अनंत जीव दिसले, तिसऱ्याला बदलती साखळी दिसली. त्या एका फरकातून कर्म, तप, अन्न आणि निर्वाण यांविषयीचे पुढचे बरेचसे फरक उगवतात. शिवाय प्रत्येक परंपरा देशकालानुसार बदलत गेली. नागपूरचा बौद्ध, कँडीचा भिक्षू व क्योटोचा झेन साधक यांची उत्तरे एकसारखी नाहीत.

सर्व धर्म सारखेच, असे म्हणून कोणाचाच धर्म समजत नाही. सर्व धर्म परस्परविरोधी, असे म्हणूनही समजत नाही. साम्य दिसेल तेथे अर्थ तपासावा, भेद दिसेल तेथे त्याचे कारण शोधावे आणि माहिती घ्यावयाची ती त्या धर्माच्या ग्रंथांतून व अनुयायांकडून घ्यावी. आपल्या धर्माविषयी इतरांनी एवढी काळजी घ्यावी अशी अपेक्षा प्रत्येकाचीच असते. इतरांच्या धर्माविषयी शिकविताना तीच काळजी घेणे हे अध्यापकाचे कर्तव्य ठरते.